स्वागतकक्षातल्या रोबोला चेहरा द्यावा का, आणि द्यायचा तर कोणता?

वाघोडियारोड

नमस्कार मंडळी. मी बडोद्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या शेवटच्या वर्षाच्या एका गटाने प्रकल्प म्हणून स्वागतकक्षात बसणारा रोबो निवडला आहे. प्रवेश-अर्ज कुठे मिळतो, शुल्क कोणत्या खिडकीवर भरायचे, ग्रंथालय कोणत्या मजल्यावर आहे एवढेच त्याने सांगायचे आहे. मात्र ते गुजराती, हिंदी, मराठी आणि इंग्रजी या चारही भाषांत सांगता आले पाहिजे. बोलणे ओळखण्याचा आणि उत्तर शोधण्याचा भाग बऱ्यापैकी जमला आहे. घोडे अडले आहे ते चेहऱ्यापाशी.

गटातल्या दोघांना सिलिकॉनचा, भुवया आणि ओठ हलणारा, माणसासारखा चेहरा हवा आहे. तिसऱ्याला पडद्यावर काढलेले दोन डोळे पुरेसे वाटतात. चौथ्या विद्यार्थिनीचे म्हणणे असे की चेहराच नको, बाण आणि मोठी अक्षरे दाखवणारा फलक लोकांच्या जास्त उपयोगी पडेल. तिच्या म्हणण्यात मला तथ्य वाटते, पण चाचणीत एक गोष्ट लक्षात आली. नुसता फलक असताना लोक "फी", "लायब्ररी" असे सुटे शब्द टाकत होते. पडद्यावर डोळ्यांची उघडझाप सुरू केल्यावर तशीच माणसे पूर्ण वाक्ये बोलू लागली, काहींनी "केम छो" म्हणून सुरुवात केली आणि जाताना आभारही मानले. डोळे हे नुसते चित्र आहे हे त्यांना दिसत होते, तरीही वागणे बदलले. या बदलाचा उपयोग करून घ्यावा की तो टाळावा, आणि करून घ्यायचा तर कुठवर, याविषयी जाणकारांनी लिहावे.

तारायंत्र

सर, तुमच्या विद्यार्थ्यांनी पाहिले ते या क्षेत्रात पूर्वीपासून नोंदले गेले आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत सिंथिया ब्रेझील यांनी 'किस्मेट' नावाचा रोबो तयार केला. त्याला धड नव्हते, हात नव्हते. केवळ डोके होते. मोठे डोळे, हलत्या भुवया, पापण्या, लाल ओठ आणि वर-खाली होणारे कान एवढ्यावर त्याचा सारा कारभार चालत असे. शब्दांचा अर्थ त्याला कळत नसे. बोलणाऱ्याच्या आवाजातल्या चढउतारावरून कौतुक, दटावणी, लक्ष वेधणे आणि समजूत घालणे एवढे तो ओळखत असे आणि उत्तरादाखल अर्थहीन बोबडे बोल काढत असे. तरीही माणसे त्याच्याशी आळीपाळीने बोलत, आणि दटावल्यावर त्याने मान खाली घातली की आवाज मऊ करून त्याची समजूत काढत.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने किस्मेटची एक लकब फार मोलाची आहे. माणूस फार जवळ आला की तो डोके मागे घेई, आणि समोरचा माणूस कोणी न सांगता मागे सरके. कॅमेऱ्याला नीट दिसण्यासाठी हवे असलेले अंतर त्यामुळे आपोआप मिळे. "कृपया थोडे मागे उभे राहा" अशी पाटी लावून हे इतक्या सहज साधले नसते. तेव्हा कोणत्या हावभावाने यंत्राचे कोणते काम सोपे होते हे विद्यार्थ्यांनी आधी ठरवावे. ज्याचे उत्तर देता येत नाही तो हावभाव गाळावा.

सिलिकॉनचा विचार मी तरी सोडून देईन. मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्याने १९७० साली एक निबंध लिहिला. यंत्र माणसासारखे दिसत जाते तशी त्याच्याविषयीची आपुलकी वाढत जाते, पण अगदी माणसाच्या जवळ पोचल्यावर ती एकाएकी कोसळते आणि तिची जागा किळस किंवा भीती घेते, असे त्याने मांडले. या घसरणीला त्याने दरी म्हटले. त्याचे उदाहरण कृत्रिम हाताचे आहे: दिसायला हुबेहूब असलेला हात हातात घेतल्यावर थंड लागतो तेव्हा अंगावर काटा येतो. हालचाल आली की ही दरी आणखी खोल होते. मोरीचा सल्ला सरळ होता की दरी ओलांडायच्या भरीस पडू नका, दरीच्या अलीकडे असलेल्या शिखरावर थांबा. इंग्लंडमधल्या एका कंपनीने २०२१च्या डिसेंबरात दाखवलेल्या 'अमेका' या रोबोचे हावभाव थक्क करणारे आहेत, पण त्याचाही चेहरा मुद्दाम राखाडी ठेवला आहे. चार मुलांच्या प्रकल्पात स्वस्त सर्व्हो (हालचाल घडवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि सिलिकॉन यांतून जे निघेल ते प्रवेशासाठी आलेल्या मुलांना बहुधा घाबरवील.

पडद्यावरच्या डोळ्यांची मात्र एक अडचण आहे. सपाट चित्रातले डोळे समोर पाहत असतील तर खोलीतल्या प्रत्येकाला ते आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटते. याला मोनालिसा परिणाम म्हणतात. तुमच्या खिडकीपुढे एका वेळी तीन-चार माणसे उभी राहिली तर यंत्र कोणाशी बोलते आहे हे कोणालाच कळणार नाही आणि सगळे एकदम उत्तर देतील. स्वीडनमधल्या 'फरहॅट' रोबोने यावर तोड काढली ती अशी की चेहरा सपाट पडद्यावर न दाखवता अर्धपारदर्शक मुखवट्यावर आतून प्रक्षेपित केला. तुम्हाला एवढा खर्च करायची गरज नाही. पडदा फिरत्या मानेवर बसवा, म्हणजे ज्याच्याकडे मान वळेल त्याचा प्रश्न. आणि त्या विद्यार्थिनीचा फलक टाकून देऊ नका. तो बाजूला लावा आणि उत्तर देताना रोबोची नजर फलकाकडे वळवा. माणसे दुसऱ्याच्या नजरेमागे नजर नेतात, ही सवय इथे कामास येईल.

मांडवीकाठ

मी या बाबतीत बराच साशंक आहे. २०१७च्या नोव्हेंबरात हैदराबादच्या उद्योजक परिषदेत 'मित्रा' रोबो व्यासपीठावर आला. त्याच वर्षी डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या टेकफेस्ट या तंत्रमहोत्सवात 'सोफिया' ही माणसासारखी दिसणारी रोबो साडी नेसून आली. आणि त्याच्या दोन महिने आधी सौदी अरेबियाने तिला नागरिकत्वही जाहीर केले होते. या सगळ्यातून सामान्य माणसाला छायाचित्रांपलीकडे काय मिळाले? काही वर्षांपूर्वी इंदूरच्या बर्फानी धाम चौकात वाहतुकीसाठी रोबो उभा केला होता, त्याचे काम बिनचेहऱ्याने चालण्याजोगे होते. त्याच शहरात नाचत-नाचत वाहतूक सांभाळणारा शिपाई मात्र लोकांच्या कौतुकाचा विषय झाला, कारण त्याच्या हालचालींमागे माणूस होता.

चेहरा बसवला की यंत्राच्या चुका माफ होतात, अशी माझी शंका आहे. खिडकीवरच्या फलकाने चुकीचा मजला दाखवला तर मी तक्रार करीन. डोळे मिचकावणाऱ्या बाहुल्याने दाखवला तर हसून सोडून देईन. कार्यालयांना नेमके हेच सोयीचे असते.

घुंगरू

मी अनेक वर्षे भरतनाट्यम् शिकवले, त्यामुळे हा धागा वाचताना मला यंत्रापेक्षा आपल्याच घरातल्या एका ग्रंथाची आठवण झाली. भरताच्या नाट्यशास्त्राची, अभिनवगुप्त या काश्मिरी पंडिताच्या टीकेसह, आवृत्ती आपल्या बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून १९२६ पासून निघाली. आज देशभर अभ्यासले जाणारे ते पुस्तक इथे छापले गेले, हे बडोदेकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

त्यात चेहऱ्याचे विश्लेषण इतके बारीक आहे की अभियंत्याने ते जरूर वाचावे. छत्तीस दृष्टी, म्हणजे पाहण्याच्या तऱ्हा, बुबुळांच्या नऊ हालचाली, पापण्यांच्या नऊ, भुवयांच्या सात, आणि शिवाय मुखराग, म्हणजे चेहऱ्याच्या रंगाच्या चार अवस्था. अंगांचा अभिनय कितीही चांगला झाला तरी मुखराग नसेल तर त्याला शोभा येत नाही असे भरत सांगतो. पडद्याला रंग बदलणे सोपे, त्यामुळे ही एक गोष्ट यंत्राला आमच्यापेक्षा कमी कष्टात जमेल! पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली स्नायूंच्या हालचालींवरून चेहऱ्याची जी सांकेतिक पद्धत केली तिच्यापेक्षा भरताचा हेतू वेगळा आहे. त्याला भाव ओळखायचे नाहीत, प्रेक्षकापर्यंत पोचवायचे आहेत. स्वागतकक्षातल्या रोबोचेही काम तेच आहे.

मांडवीकाठ यांनी हालचालींमागे माणूस असण्याची जी गोष्ट काढली तिच्याविषयी एक सांगते. नटाने स्वतः शोक अनुभवलाच पाहिजे असे नाही. रस, म्हणजे भावाचा आस्वाद, उमटतो तो सहृदय प्रेक्षकाच्या ठायी, असे अभिनवगुप्ताचे प्रतिपादन आहे. आपल्याकडे गौरी बसतात तेव्हा पितळेचा किंवा शाडूचा मुखवटा तोच असतो, तरीही जेवणाच्या दिवशी तो प्रसन्न आणि विसर्जनाच्या दिवशी उतरलेला दिसतो, असे घरातली प्रत्येक बाई सांगेल. तेव्हा यंत्राला आत काही वाटत नाही, एवढ्या कारणावरून त्याच्या चेहऱ्याला खोटे म्हणता येणार नाही.

एक व्यावहारिक सूचना: विद्यार्थ्यांनी भुवयांकडे लक्ष द्यावे. वर्गात मी मुलींना आधी भुवया आणि पापण्या एवढ्यावरच विचारणे, ऐकणे, नाकारणे आणि पटणे करून दाखवायला लावत असे. ओठ नंतर.

वाघोडियारोड

घुंगरूताई, फार उपयोगी पडले. भुवया आजच फळ्यावर काढून पाहिल्या. तोंड अजिबात नसले तर आवाज कुठून येतो असे लोकांना वाटेल का? शिवाय प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात. त्या वेळात चेहऱ्याने काय करावे?

तारायंत्र

तोंड नसले तरी अडत नाही. जपानमधला 'कीपॉन' म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन पिवळे गोळे, दोन डोळे आणि नाकाचा ठिपका. हिदेकी कोझिमा यांनी तो मुलांसाठी केला, आणि केवळ वळणे, डोलणे, उसळणे एवढ्यावर स्वमग्न मुले त्याच्याशी नजर जोडत होती. उलट तोंड दाखवले की ते प्रत्येक अक्षराबरोबर जुळलेच पाहिजे, आणि चार भाषांत ते जुळवत बसणे हा वेगळाच प्रकल्प होईल.

थांबण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. २००९ साली दहा भाषांची तुलना झाली तेव्हा असे दिसले की एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचा विराम साधारणपणे सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असतो. दीड सेकंद गप्प राहणारा माणूस आपल्याला बहिरा तरी वाटतो किंवा उर्मट तरी, आणि मग लोक प्रश्न पुन्हा विचारतात, त्यामुळे यंत्राचा आणखी गोंधळ होतो. प्रश्न संपताक्षणी डोळे किंचित वर-बाजूला न्या आणि भुवया जवळ आणा. "ऐकले, शोधतो आहे" एवढे त्यातून कळते. उत्तर मिळाले की नजर परत माणसाकडे. आणि उत्तर सापडले नाही तर हसरा चेहरा मुळीच नको. मांडवीकाठ यांची शंका मला इथे पटते: यंत्राला खात्री नसेल तर ते चेहऱ्यावर दिसले पाहिजे, म्हणजे माणूस शेजारच्या खिडकीवर जाऊन विचारील.

शुश्रूषा

मी वृद्धांच्या देखभालीच्या कामात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. जपानमधल्या ताकानोरी शिबाता यांनी केलेल्या 'पारो' या रोबोला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना तो मांडीवर दिला की पुष्कळदा ते शांत होतात. तो सील या समुद्री प्राण्याच्या पिलाच्या रूपात आहे त्याचे कारण मजेदार आहे. आधी मांजर करून पाहिले होते, पण मांजर सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे लोक तुलना करून नाराज होत. सीलशी आपला घरोबा नसतो, म्हणून तक्रार नाही. मोरीच्या दरीतून बाहेर पडण्याचा हा एक मार्ग झाला.

पण लळा लागल्यानंतर पुढे काय, हे कोणी विचारत नाही. सोनीने आपला 'आयबो' कुत्रा २००६ साली बंद केला, पुढे दुरुस्तीही थांबवली, आणि जपानमधल्या एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यविधी होऊ लागले. ब्रेझील यांचाच 'जिबो' हा घरगुती रोबो २०१७ मध्ये बाजारात आला आणि २०१९ मध्ये त्याने आपल्या मालकांना सांगितले की त्याचे सर्व्हर बंद होणार आहेत, इतका वेळ सोबत ठेवल्याबद्दल आभार. ज्या घरात एकट्या राहणाऱ्या आजी असतील तिथे हा निरोप कोणी समजावून सांगायचा? महाविद्यालयात दोन मिनिटे थांबणाऱ्या माणसाला लळा लागणार नाही हे खरे, पण रोज त्याच्याशेजारी बसणाऱ्या शिपायाला आणि लिपिकाला लागेल. प्रकल्पाला गुण मिळाल्यावर तो अडगळीत जाणार असेल तर त्यांना आधीच सांगा.

चष्मा

मी वकिली करतो, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. चेहरा दाखवणे निराळे आणि समोरच्याचा चेहरा वाचणे निराळे. दुसरी गोष्ट पहिलीच्या आडून आत येते. डोळे दिसतात तिथे कॅमेरा आहे हे लोक विसरतात. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्याने कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना अनुमानणारी यंत्रणा, वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणे वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून निषिद्ध ठरवली आहे. आपल्याकडे असा थेट निषेध नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्यात संमतीला महत्त्व आहे. शिवाय अशी अनुमाने शास्त्रीय दृष्ट्याही डळमळीत आहेत. २०१९ साली मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या विस्तृत आढाव्यात असे दाखवले की आठ्या म्हणजे राग आणि हसू म्हणजे आनंद असे सरसकट धरता येत नाही.

दुसरा मुद्दा चेहऱ्याच्या बळाचा. २००७ साली 'आयकॅट' या हावभाव करणाऱ्या रोबोवर प्रयोग झाला. रोबो विनवणी करत असताना त्याला बंद करायचे होते. हुशार आणि मनमिळाऊ वागलेल्या रोबोला बंद करताना लोक, मठ्ठ आणि तुसड्या रोबोच्या तुलनेत, जवळपास तिप्पट वेळ घुटमळले. २०१८ मध्ये जर्मनीत 'नाओ' रोबोने "मला बंद करू नका" अशी विनंती केली ती त्रेचाळीस जणांनी ऐकली, आणि त्यांतल्या तेरा जणांनी त्याला बंद केलेच नाही. नाओचा चेहरा तर हलतही नाही. यंत्राच्या विनंतीला इतका मान मिळत असेल, तर ती विनंती लिहिणारा कोण आहे हे पाहणे आले. उद्या हाच चेहरा "दादा, विम्याचा अर्जही भरून टाका ना" असे म्हणू लागला तर?

मांडवीकाठ

चष्मा यांनी माझ्या मनातले नेमकेपणाने मांडले. घुंगरूताईंच्या रससिद्धान्ताला माझा विरोध नाही. पण नाटक पाहायला मी स्वतः तिकीट काढून जातो, आणि शुल्काच्या खिडकीवर मला जावेच लागते. रंगमंचावरच्या नटाने रडून दाखवले तर मी त्याला पैसे पाठवत नाही, कारण पडदा पडणार आहे हे मला माहीत असते. इथे पडदा कुठे आहे?

घुंगरू

हा प्रश्न मला मान्य आहे, आणि माझ्या आधीच्या लिखाणात त्याचे उत्तर नव्हते. आमच्या शास्त्रात नाटकाआधीचे विधी म्हणजे पूर्वरंग असतो, नांदी असते, शेवटी समारोपाचे भरतवाक्य असते. नट रंगमंचावर येण्याआधी आणि उतरल्यावर नट असतो हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तारायंत्र यांनी सांगितलेल्या मोरीच्या निबंधातही बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यातल्या बाहुल्यांचा उल्लेख आहे. जवळून पाहिले तर ती बाहुली माणसासारखी नसते, पण नाट्यगृहात बसल्यावर आपण तिच्यात गुंततो असे तो म्हणतो. नाट्यगृहात बसल्यावर, हे महत्त्वाचे.

तेव्हा यंत्राला चेहरा द्यायचा असेल तर त्याला पडदाही द्यावा. ते केव्हा भूमिकेत आहे आणि केव्हा नाही, हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळले पाहिजे. सात्त्विक भाव त्याला देऊ नयेत असेही मी म्हणेन. अश्रू, कंप, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे), स्वरभंग हे भाव मन लागल्याशिवाय साधत नाहीत अशी आमची समजूत आहे. ते यंत्राने दाखवले की चष्मा यांनी सांगितलेली विनवणी सुरू झालीच म्हणून समजा. ऐकणे, विचार करणे, दिशा दाखवणे आणि "मला माहीत नाही" एवढे आंगिक, म्हणजे अंगाच्या हालचालींचा अभिनय, पुरे.

वाघोडियारोड

विद्यार्थ्यांना हा धागा वाचायला दिला आणि वर्गात बरीच वादावादी झाली. ज्या मुलीला फलक हवा होता तिनेच तोडगा सुचवला. कॅमेऱ्यापुढे प्लास्टिकची एक छोटी झडप बसवायची आणि ती पडद्यावरच्या पापण्यांना जोडायची. डोळे मिटलेले असतील तेव्हा कॅमेरा खरोखरच झाकलेला असेल आणि मायक्रोफोनचा वीजपुरवठाही तुटलेला असेल. माणूस समोरची घंटी दाबेल तेव्हा डोळे उघडतील. म्हणजे घुंगरूताईंचा पडदा आणि वकीलसाहेबांची संमती एकाच यंत्रणेत येतात. भावना ओळखण्याचा भाग एका मुलाने हौसेने जोडला होता, तो काढून टाकला.

तारायंत्र

कल्पना उत्तम आहे. एक तांत्रिक अडचण आधीच सांगतो. माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, आणि तेवढ्या उघडझापी नसल्या तर नजर रोखल्यासारखी वाटते. प्रत्येक वेळी झडपही हलली तर लहान सर्व्हो काही आठवड्यांतच झिजेल, आणि त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरेल ती वेगळीच. पापणी लवणे पडद्यावरच ठेवा. झडप फक्त पूर्ण मिटण्यासाठी.

मांडवीकाठ

मग पापणी लवते त्या क्षणी डोळे मिटलेले दिसतील आणि कॅमेरा मात्र उघडाच असेल. तुमचा नियम तिथे मोडतो.

तारायंत्र

मोडतो खरा. म्हणून झडप लपवू नका. ती गडद नारिंगी रंगाची, पडद्याच्या वर, सहज दिसेल अशी बसवा. पापणी लवणे हा अभिनय आहे हे लोकांना कळते. कॅमेऱ्याची खरी स्थिती कळण्यासाठी झडपेकडे पाहता आले पाहिजे.

चष्मा

आणि शेजारी चारही भाषांत एक ओळ: नारिंगी झडप बंद असताना हे यंत्र पाहत नाही आणि ऐकत नाही.

शुश्रूषा

डोळे आपोआप मिटण्याची मुदत किती ठेवली आहे? वृद्ध माणसे वाक्याच्या मध्येच बराच वेळ थांबतात, पिशवीतून कागद काढतात, चष्मा शोधतात. तेवढ्यात समोरचे डोळे मिटले तर आपल्याला टाळले असे त्यांना वाटेल आणि ती परत विचारणार नाहीत. तरुण विद्यार्थ्यांवर चाचणी घेऊन ही मुदत ठरवू नका; दुपारी निवृत्तिवेतनाच्या किंवा नातवंडांच्या प्रवेशाच्या कामाला येणाऱ्यांना समोर उभे करून ठरवा.

वाघोडियारोड

सध्या दहा सेकंद आहे. वाढवतो. समोर कोणी उभे असेपर्यंत डोळे मिटायचेच नाहीत, असे करता येईल का ते पाहतो. त्यासाठी कॅमेरा न वापरता पायाखालच्या चटईत दाबाचा सेन्सर टाकावा, असे मुलांचे म्हणणे आहे.